दादांचं घड्याळ आणि माझी फजिती

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटाच्या खणात, जुन्या पावत्या नि सुट्या बटणांच्या डब्यात एखादं बंद पडलेलं मनगटी घड्याळ आहे ना? ते बाहेर काढा. पण ‘नवं करून’ आणण्याआधी माझी फजिती वाचा.

माझे वडील, दादा गेले तेव्हा आईनं त्यांचं एचएमटी ‘जनता’ माझ्या हाती दिलं. तबकडी पिवळी पडलेली, चाराच्या आकड्याजवळ पावसाचं पाणी शिरून उमटलेला डाग. वर्षश्राद्धाला आईला चकित करावं म्हणून मी ते दुरुस्तीला टाकलं. “बाई, तबकडी रंगवून देतो, ओळखू येणार नाही!” दुकानदार म्हणाला. आणि खरंच ओळखू आलं नाही! आईनं ते उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, “यावरचा तो डाग कुठं गेला गं?” नि घड्याळ माझ्यापुढं ठेवून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

माझे धाकटे दीर जुनी घड्याळं जमवतात. ते म्हणाले, “वहिनी, यंत्र तेच आहे. पण तबकडीवरचा मूळ रंग गेला तो गेलाच.” त्यानंतर त्यांच्याकडून जे शिकले, ते सांगते.

एचएमटी या सरकारी कंपनीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. ‘जनता’ हे तिथलं चावीचं घड्याळ. आत १७ ‘ज्युएल्स’, म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक कृत्रिम माणकांचे खडे. पहिल्या पगाराला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात हेच दिलं जाई. पुढं सेलवरची घड्याळं आली, १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं, आणि २०१६ साली सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून शौकीन ही घड्याळं शोधत फिरतात.

मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. चार मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, तबकडी भडक रंगवायची नि ‘जुनं, दुर्मीळ’ म्हणून विकायचं! परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तेव्हा विकत घेताना एवढं पाहाच:

१. भिंगातून अक्षरं पाहा. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती बहुधा जाड, फिसकटलेली असतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत.

२. डबी झिजलेली आणि तबकडी मात्र कोरी करकरीत असेल, तर संशय घ्या.

३. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. तबकडीवर एका कंपनीचं नाव नि यंत्रावर दुसरीचंच असेल, तर का ते विचारा.

आता घरातलं घड्याळ जपायचं कसं? चावी रोज ठरावीक वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी. घट्ट लागली की थांबावं, जोर करू नये. भांडी-धुणं करताना ते काढून ठेवावं. झाकणावर काहीही लिहिलेलं असो, इतक्या वर्षांनी आतलं रबर कडक झालेलं असतं. लाउडस्पीकर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवू नये. चुंबकत्व लागलं की घड्याळ भलतंच पुढं पळू लागतं. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं फार जुनं, १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं घड्याळ असेल, तर ते घरी उघडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. त्या रंगात रेडियम असू शकतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या, ‘सफाई करून तेल घालावे. तबकडीला हात लावू नये. काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा.’ दुकानदार हसला तर हसू दे!

दादांचं घड्याळ आता मी शाळेत जाताना घालते. वेळ अगदी चोख दाखवतं. पण तास संपत आला की मी त्यात पाहते, तेव्हा नजर अजून चाराच्या आकड्याशी जाते. मैत्रिणींनो, तुमच्या घड्याळावरचा डाग तेवढा राहू द्या.