बाजारच्या पिस्टनाची कैफियत

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा निघालेला गडचिरोली या दोन जिल्ह्यांची ख्याती सागवानामुळे आहे, हे नव्याने सांगावयास नको. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपुराहून आलापल्लीच्या रानातले सागाचे लाकूड रवाना झाले, तेव्हा ज्यांनी आलापल्लीचे नावही ऐकले नव्हते अशांच्याही ते कानी पडले. ज्या मुलखात एके काळी दोन असामी समोरासमोर बसून आडवी करवत ओढीत आणि कमलापूरच्या शासकीय कॅम्पातील हत्ती ओंडके वाहून आणीत, त्या मुलखात आता वादळाने रस्त्यावर आडवे पडलेले झाड हटवायचे असो की बांधावरचा मालकी साग रीतसर परवाना काढून तोडायचा असो, पाच-सात किलो वजनाची, कानठळ्या बसवणारी चेनसॉ पुढे येते. लोक तिला नुसती ‘मशीन’ म्हणतात, आणि ती ‘जाम झाली’ म्हणजे बहुधा तिचा पिस्टन गेलेला असतो.

जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवर आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी अशी करवत सिद्ध केली, तेव्हापासून यंत्राचे वजन फार घटले आणि वेग फार वाढला. मोटारीच्या इंजिनात वंगणाचा स्वतंत्र साठा असतो. या टू-स्ट्रोक इंजिनात तो नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच येथे वंगण, आणि त्याचे प्रमाण कारखान्याच्या सूचनेबरहुकूम लिटरमागे कोठे 20 तर कोठे 40 मिलिलिटर. पूर्ण वेगात हे इंजिन मिनिटाला 12 ते 14 हजार फेरे घेते, म्हणजे पिस्टन सेकंदाला 200 वेळा आणि त्याहूनही अधिक वर जाऊन खाली येतो. त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी फट आणि त्या फटीत तेलाचा पापुद्रा, एवढ्यावर सारा कारभार चालतो.

हा पापुद्रा कशाने फाटला, याचा पंचनामा निकामी पिस्टनावरच लिहिलेला असतो, आणि तो न वाचता पिस्टन भंगारात टाकणारा मिस्त्री मला नेहमीच उतावळा वाटत आला आहे. ओरखडे केवळ धूर बाहेर पडण्याच्या बाजूस असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होऊन पिस्टन तापला, असे समजावे. चोहोबाजूंनी असतील, तर कोणी तरी तेलाशिवाय कोरडे पेट्रोल भरले. परंतु हवा आत येण्याच्या बाजूची झळाळी जाऊन ती बाजू घासल्यासारखी मंद दिसू लागली, तर दोष धुळीचा, आणि येथे आपल्या सागाचाच गुण आडवा येतो. सागाच्या काष्ठात निसर्गतः सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, असते. त्यामुळे साखळीचे दात लवकर बोथट होतात, बोथट दात जाड भुशाऐवजी पिठासारखी धूळ काढतात, ती धूळ फाटक्या फिल्टरमधून इंजिनात शिरते, आणि करवत कापीत नाही म्हणून चालवणारा अधिकच जोर लावतो. दहा मिनिटांत कानशीने दात घासले असते, तर पुढचा हजारोंचा खर्च टळला असता.

पिस्टन गेला म्हणजे सिलिंडरही गेलाच असे नाही, आणि हा विवेक करताना जुन्या पिढीतले, राजदूत आणि येझदी बांधून हात बसलेले मिस्त्री कधीकधी फसतात. त्या मोटारसायकलींचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तो बोअर करावा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालावा, अशी रीत होती. चांगल्या चेनसॉचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या अंगास क्रोमचा, किंवा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा, अतिशय कठीण पण अतिशय पातळ मुलामा असतो; तो बोअर करणे म्हणजे मुलामाच खरवडून टाकणे होय. पुष्कळदा जो ओरखडा दिसतो तो सिलिंडरचा नसतोच, पिस्टनाचे वितळलेले अ‍ॅल्युमिनियम भिंतीला चिकटलेले असते. निकेलच्या मुलाम्यावरचा असा थर हातमोजे घालून, उघड्या हवेत, कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक आम्ल बेताने लावल्यास बुडबुडे येऊन विरघळतो, आणि मग भरपूर पाण्याने आम्लाचा मागमूस नाहीसा करावा लागतो. खाली मुलामा अखंड निघाला तर सिलिंडर वाचला. नख अडकेल इतका तो तुटला असेल, तर आम्ल खालच्या धातूलाच खाईल, म्हणून तेथे थांबावे आणि नवा सिलिंडर घ्यावा.

आता मुख्य प्रश्न. आलापल्ली, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या माणसाने कंपनीच्या पिस्टनासाठी मोठ्या शहराकडे डोळे लावून बसावे, की जवळच्या बाजारात मिळणारा ‘लोकल’ पिस्टन घालावा? विक्रेते दुसऱ्यास सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवतात, ते मला रास्त वाटत नाही. खोट्या नावाने विकलेला माल ही फसवणूक. स्वतःच्या नावाने विकलेला पर्यायी माल हा व्यापार, आणि त्यात उत्तमापासून टाकाऊपर्यंत सर्व प्रती असतात. कंपनीच्या भागाची जी जादा किंमत आपण मोजतो, तिचा एक मोठा हिस्सा तपासणीचा असतो; स्वस्त भाग घेतला की ती तपासणी टळत नाही, ती मिस्त्रीच्या बाकावर येऊन पडते.

म्हणून पुडके फोडल्यावर प्रथम जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून पिनेच्या छिद्रापासून माथ्यापर्यंतची उंची मापावी. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरकवून, पिस्टनाच्या माथ्याने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने पाहावी: 44 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ती सुमारे 0.2 मिलिमीटर असली म्हणजे चिंता नाही. अजिबात नसेल, तर तापल्यावर रिंग फुगून भिंतीत रुतेल. सिलिंडरही नवा आणि बाजारचाच असेल, तर त्याच्या भिंतीतील हवा-धुराच्या खिडक्यांच्या कडा बोटाने चाचपाव्यात. धारदार कड रिंगला पकडते, म्हणून ती बारीक पॉलिश पेपरने, मुलामा न उचकटता, किंचित मोडावी. ओतकामाचे राहिलेले कण धुऊन काढावेत, आणि जुन्या पिस्टनाचे तुकडे खाली क्रँकच्या बेअरिंगमध्ये दडले नाहीत, याची खातरजमा करावी.

बसवण्याचे काम त्यामानाने थोडे आहे. माथ्यावरचा बाण धुराच्या वाटेकडे हवा. रिंगची टोके खाचेतील बारीक खुंटीच्या दोहों बाजूंस आली पाहिजेत, कारण ती खुंटी नसेल तर रिंग फिरून तिचे टोक खिडकीत अडकेल. गजन पिन आणि सुई-बेअरिंग तेल लावून घालावी, आणि पिनेची लॉके नेहमी नवीच वापरावीत. त्यांचे उघडे तोंड वर किंवा खाली ठेवावे, आडवे नव्हे, कारण आडव्या तोंडाचे लॉक पिस्टनाच्या हिसक्यांनी दबून सुटू शकते, आणि सुटलेले लॉक नवा सिलिंडर क्षणार्धात नासवते. सिलिंडर खाली सरकवताना तो पिळू नये. मग स्पार्क प्लगच्या छिद्रातून सोल्डरची मऊ तार थेट सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवून इंजिन हाताने एकदा फिरवावे: चेपलेल्या टोकाची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरली, तर पिस्टन वर आदळण्याचा संभव आहे.

इतके करूनही ज्या दोषाने पहिला पिस्टन गेला तो तसाच राहिला, तर दुसराही त्याच वाटेने जाईल, मग तो कंपनीचा असो वा बाजारचा. क्रँकचे ऑइल सील कडक होऊन आणि कार्बोरेटरमागचा रबरी बूट चिरून आत चोरटी हवा येते. ती शोधण्यासाठी सर्व तोंडे रबराने बंद करून हातपंपाने अर्ध्या वातावरणाइतका दाब द्यावा, साबणाचे पाणी फिरवावे, आणि नंतर उलट ओढूनही पाहावे, कारण काही सील बाहेर गळत नाहीत, आतच गळतात. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, जुन्या नळ्या फुगवते आणि मिश्रण किंचित पातळ करते, तेव्हा पावसाळाभर कॅनमध्ये राहिलेले पेट्रोल नव्या पिस्टनाला पाजू नये. मे महिन्यात चंद्रपूरच्या विरळ, तापलेल्या हवेत लावलेला कार्बोरेटर डिसेंबरच्या पहाटेच्या दाट हवेत पेट्रोल कमी पाडतो, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

या दाब-तपासणीला अर्धा तास लागतो, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी मशीन परत मागत असते. म्हणून मिस्त्रीने तिची मजुरी बिलात पिस्टनाच्या किमतीखाली स्वतंत्र ओळीत लिहावी, आणि गिऱ्हाइकाने त्या ओळीवर घासाघीस करू नये.