लेखी खेळाचा सूत्रधार

खेळ म्हटला कीं त्याला एक पट हवा, कांहीं सोंगट्या हव्यात आणि शेवटीं कोणाची तरी जीत व कोणाची तरी हार व्हावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या अर्धशतकांत जगांत असा एक खेळ रूढ झाला आहे कीं, ज्यांत पट नसला तरी चालतें, सोंगट्यांवांचून अडत नाहीं आणि हार-जीत तर बहुधा नसतेच. चार-पांच माणसें एकेक भूमिका घेतात. कोणी पहारेकरी होतो, कोणी वैद्य, कोणी चोर. आणखी एक माणूस कोणतीहि एक भूमिका न घेतां उरलेलें सारें जग आपल्या अंगावर घेतो. वाटेंतली नदी, धर्मशाळेचा धूर्त मालक, अंधारांत दबा धरून बसलेला शत्रु, पाऊस आणि वारा हीं सर्व त्याचींच पात्रें. इंग्रजींत त्याला ‘गेम मास्टर’ म्हणतात. मराठींत त्याला सूत्रधार म्हणणें शोभेल. कोंकणांतील दशावतारी नटाला कथा ठाऊक असते, संवाद मात्र तो रंगभूमीवर उभा राहून रचतो. येथें तर कथाहि अगोदर कोणाला ठाऊक नसते. हा खेळ समोरासमोर बसून बोलून खेळतां येतो, तसाच केवळ लिहूनहि खेळतां येतो. आणि लिहून खेळतांना सूत्रधाराचें काम अधिक नाजुक होतें.

या सूत्रधाराचा मूळपुरुष नाटकमंडळींत सांपडत नाहीं. तो सांपडतो सैन्याच्या छावणींत. प्रशियाच्या सैन्यांतील रायस्वित्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांनीं आरंभिलेलें काम पुढें नेऊन, १८२४ सालीं ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धाचा खेळ सिद्ध केला. त्यांत दोन्ही पक्ष आपापल्या आज्ञा लिहून पंचाच्या हातीं देत. एक डाव म्हणजे प्रत्यक्षांतील दोन मिनिटें. पंच कोष्टकें पाही, फांसे टाकी आणि ज्या पक्षाला जेवढें दिसणें शक्य असेल तेवढेंच त्याला दाखवी. पुढें १८७६ मध्यें व्हर्दी द्यु व्हर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें, कोष्टकांचें हें ओझें टाकून द्यावें व अनुभवी पंचाच्या विवेकावर निर्णय सोंपवावा, असें प्रतिपादन केलें. नियम मोठा कीं निर्णय मोठा, हा तेव्हांचा वाद सूत्रधारांमध्यें अद्याप मिटलेला नाहीं.

युद्धाच्या खेळांतून भूमिकेचा खेळ निघाला तो अमेरिकेंत. १९६९ मध्यें मिनेसोटा संस्थानांत डेव्हिड वेझ्ली यानें एका काल्पनिक जर्मन गांवाचा खेळ मांडला आणि खेळणाऱ्यांना सैन्याऐवजीं एकेक माणूस दिला. खेळाडू आपसांत कट करूं लागले, कोपऱ्यांत जाऊन बोलणीं करूं लागले. वेझ्लीला वाटलें कीं डाव फसला. खेळणाऱ्यांना मात्र तसाच खेळ पुन्हां हवा होता! त्यांतलाच एक डेव्ह आर्नसन. त्यानें हीच कल्पना एका अद्भुत नगरींत नेली, आणि त्याच्यासह गॅरी गायगॅक्स यानें १९७४ मध्यें ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका आणि पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची, असा त्याचा आरंभ होता.

याच सुमारास हा खेळ अक्षरांत उतरूं लागला. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं संगणकावर एक शब्दमय जग रचलें, आणि अनेक माणसें एकाच वेळीं आज्ञा टंकून त्यांत वावरूं लागलीं. तेथें पंच होतें तें यंत्र. त्याला शिकविलेल्या क्रियापदांपलीकडे कांहीं समजत नसे. ‘दार उघड’ हें त्याला कळे. ‘दाराआडच्या पहारेकऱ्याला त्याच्या मुलीची आठवण करून दे’ हें कळत नसे. जेथें प्रश्न मनाचा आला, तेथें मनुष्य सूत्रधार लागलाच.

त्याचें काम कसें चालतें तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. बर्फाळ घाटांत एक दोरांचा पूल आहे. पुलाच्या अलीकडे पहारेकरी, वैद्य आणि चोर उभे आहेत. पलीकडे किल्ला आहे आणि तेथून शत्रु धांवत येत आहेत. सूत्रधाराला हें चित्र लिहावयाचें आहे. नवशिका सूत्रधार येथें दोन पानें खर्चीं घालतो. जाणता सूत्रधार पांच-सहा वाक्यें लिहितो: दोर कुरकुरत आहेत, पहिला शत्रु पुलाच्या मध्यावर आला आहे, वाऱ्यानें मशाल विझली आहे. आणि तो थांबतो अशा जागीं, कीं जेथें वाचणाऱ्याला कांहींतरी ठरवावेंच लागतें. ‘चोरानें घाबरून मागें पाहिलें’ असें मात्र तो कधींहि लिहीत नाहीं. चोराचें भय चोराच्या खेळाडूचें आहे. त्यावर सूत्रधाराची सत्ता नाहीं.

आतां चोर लिहितो, ‘मी दोर कापतों.’ सूत्रधारानें तर आठ दिवस खपून पलीकडचा किल्ला रचलेला! दोर एकाएकीं लोखंडाचे निघाले असें लिहिण्याचा मोह त्याला होतो. तो मोह आवरणें हीच या कलेंतील पहिली परीक्षा होय. एकदां का खेळाडूला कळलें कीं कांहींहि केलें तरी तेंच घडणार आहे, कीं तो लिहितो खरा, परंतु खेळत नाहीं. यासाठीं सूत्रधारानें घटना योजून ठेवूं नयेत. माणसें आणि त्यांच्या इच्छा योजाव्या. पूल पडला तरी किल्ल्यांतील सरदाराचा लोभ शिल्लक राहतो. तो दुसऱ्या वाटेनें माणसें धाडील. रहस्याचा धागाहि एकच ठेवूं नये. प्रत्येक खूण हुकण्याचा संभव निम्मा धरला, तर एकच खूण असतां निम्म्या वेळां कथा अडून बसेल. तीन स्वतंत्र खुणा ठेवल्या तर तिन्ही हुकण्याचा प्रसंग आठांत एकदांच येईल.

फांसाहि विवेकानें टाकावा. ज्या प्रसंगाच्या दोन्ही निकालांतून कथा पुढें जाईल, तेथेंच तो टाकणें योग्य; बंद दार उघडलें नाहीं म्हणून सर्वांनीं तिष्ठत बसावें, यांत कसली गंमत? दोर कापून होईतों पहारेकरी पुलावर उभा राहून शत्रूला थोपवतो. त्याला वेळेवर मागें उडी घ्यावयाची आहे. सूत्रधार वीस पैलूंच्या फांशावर पंधरा किंवा अधिक मागतो, म्हणजे वीसांपैकीं सहा पैलू अनुकूल, शंभरांत तीस. आणि फांसा टाकण्यापूर्वींच तो लिहितो कीं, उडी चुकली तर पुलाबरोबर पहारेकरीहि जाईल. मागें फिरावयाचें असेल तर अजून अवधि आहे. पणाला काय लागलें आहे हें अगोदर सांगितलें, म्हणजे निकाल कितीहि कठोर असला तरी तो अन्याय ठरत नाहीं. लेखी खेळांत फांसा यंत्राकडून, सर्वांना दिसेल असा टाकवून घेतात. सूत्रधारानें एकट्यानें टाकून आंकडा कळवला तर शंकेला जागा राहते. आणि एकदां शिरलेली शंका कागदावरून पुसली जात नाहीं.

लेखी खेळाची खरी अडचण याहून वेगळी आहे. समोर बसलेल्याचा चेहरा दिसतो. लिहिणाऱ्याचा दिसत नाहीं. थट्टा रागासारखी वाचली जाते, आणि मौनाचा तर अर्थच लागत नाहीं. म्हणून पात्राचें बोलणें व खेळाडूचें बोलणें निराळें ठेवण्याचा प्रघात आहे. दुसरें कंसांत लिहितात. कोणते विषय खेळांत नकोत हें आरंभींच विचारून घेतात. उत्तराला किती दिवस थांबावयाचें, आणि न आलेल्याच्या पात्राचें काय करावयाचें, हेंहि ठरवून ठेवतात; कारण तासाभराची बोलकी लढाई लिहून खेळतांना सहज कांहीं दिवस चालते, आणि एकाच्या आळसानें सर्वांचा उत्साह मावळतो.

पुलावरचा फांसा पडतो. आंकडा येतो चार. तो सर्वांनीं पाहिलेला असतो. सूत्रधाराच्या जवळ आतां लपविण्यासारखें कांहीं नसतें आणि बदलण्यासारखेंहि नसतें. पहारेकऱ्याचा खेळाडू गप्प आहे. तो खिन्न झाला आहे, रागावला आहे, कीं नुसता चहा घ्यावयास उठला आहे, हें अक्षरांवरून कळण्याचा मार्ग नाहीं. अशा वेळीं वाईट सूत्रधार आपल्या शब्दांनीं मृत्यूचें वर्णन सजवतो. चांगला सूत्रधार कथा तेथेंच थांबवतो आणि कंसांत, साध्या भाषेंत विचारतो: ‘तुम्ही बरे आहांत ना? हा शेवटचा क्षण तुम्हांला स्वतः लिहावयाचा आहे का?’

कांहीं वेळानें उत्तर येतें. तीन ओळींचेंच असतें. पहारेकरी कमरेच्या किल्ल्या वैद्याकडे फेंकतो, आणि मग दोर तुटतो. त्या किल्ल्या सूत्रधारानें कधीं योजल्या नव्हत्या. त्या कोणत्या दाराच्या आहेत, हें आतां त्याला शोधून काढावें लागणार असतें. आणि पुढच्या खेळाचा आरंभ तेथूनच होतो.