पहिल्या धारेची

लोधीखेड्याहून नागपूर ओलांडून वर्ध्याच्या बाजूला उतरलं की कायदा बदलतो, मोहाची झाडं तीच राहतात. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, दारूची दुकानं सरकारमान्य. वर्धा जिल्ह्यात मात्र गांधीजींच्या नावानं १९७४ पासून दारूबंदी. दुकानं गेली आणि धंदा लोकांच्या चुलीशी येऊन बसला.

ओळखीतून एका बाईची नाल्याकाठची भट्टी जवळून पाहता आली. वाळवलेली मोहफुलं, गूळ, पाणी आणि नवसागर ड्रमात भरून तो जमिनीत पुरलेला. काही दिवसांनी फसफसणं थांबलं की सडवा तयार. वास इतका आंबूस की टीप द्यायला खबऱ्याची गरज नाही. म्हणून बाईनं शेजारीच शेणाचा ढीग घातलेला.

उजाडायच्या आत चूल पेटली. सडव्याच्या डेगीवर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात वाडगं, वर गार पाण्यानं भरलेलं जर्मनचं भांडं. सांधे ओल्या मातीनं लिंपलेले. वाफ वर चढून गार बुडाला लागते, थेंब वाडग्यात पडतात, तिथून नळीनं बाटलीत. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं, हीच खरी मेहनत; भट्टीला नाला लागतो तो त्यासाठी. पहिल्या धारेचे चार थेंब तिनं दगडावर टाकून काडी लावली. निळी ज्योत उठली. यावरून दारू किती कडक ते कळतं, विषारी आहे का ते नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती दारूच्या नावानं विकलेल्या मिथेनॉलनं.

गुत्ता म्हणजे घरामागची पडवी. पैसे आधी, गिलास मग, सोबत मीठ-फुटाणे, आणि उभ्या उभ्या पिऊन चालतं व्हायचं. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीच्या काळात मुंबईत चोरून दारू विकणाऱ्या 'आंटी'कडे बसायला खुर्ची तरी मिळे! ओळखीच्यांची उधारी भिंतीवर कोळशाच्या रेघांत; नाव कुणाचंच नाही.

धाड पडली की पोलीस सडवा मातीत ओततात, ड्रम फोडतात. ती नवा ड्रम आणते. दारूबंदी उठावी का, असं विचारलं तर चिडलीच. "उठली त मंग आमी का करावं? दुकान त शेठलोकच घेईन."

१ एप्रिल २०२५ पासून आमच्या शेजारच्या मुलताईतही दारूची दुकानं बंद झाली, हे सांगितल्यावर तिनं हात पुसले.

"तिकडं मोहफूल काय भावानं भेटते?"