स्टार नसला की रेस बदलते!

"तो नव्हता म्हणून हा जिंकला" हे वाक्य आपल्या टीव्ही रूममध्ये प्रत्येक मॅचनंतर एकदा तरी ऐकू येतंच. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये दगडी फरसबंदीवरून होणाऱ्या सायकल शर्यतींबाबत मात्र ते निम्मंच खरं आहे. कसं ते सांगतो.

आधी थोडं फ्लुइड मेकॅनिक्स (घाबरू नका, न्यूमेरिकल नाही). हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाच्या प्रमाणात. म्हणून पुढच्याच्या मागे चिकटून जाणारा बराच दम वाचवतो. टूर ऑफ फ्लँडर्स किंवा पॅरिस-रुबेसारख्या अडीचशे किलोमीटरच्या शर्यतीत ही बचत म्हणजे सर्वस्व. आता एखादा पुढे पळाला, तर त्याला पकडायला कोणीतरी वारा अंगावर घ्यायला हवा. पण कोणी? मी दमणार आणि मागचा फुकट्या शेवटी मलाच मागे टाकणार! ग्रुप प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायच्या वेळी जे होतं तेच. सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

नेहमी ही जबाबदारी स्टारवर आणि त्याच्या टीमवर येते. ज्याला जिंकायचंच आहे, तो पाठलाग करणारच, हे बाकीच्यांनी गृहीत धरलेलं असतं. तोच नसला तर?

२०१२ साली फ्लँडर्समध्ये पडून फाबियान कान्सेलाराचं कॉलरबोन मोडलं. ती शर्यत टॉम बोनेनने जिंकलीच, शिवाय आठवड्याने रुबेमध्ये पन्नासहून जास्त किलोमीटर बाकी असताना तो एकटाच निघाला आणि शेवटपर्यंत सापडला नाही. त्याच्या मागे एकट्याने जाऊ शकेल असा गडी घरी बसला होता.

२०१३ साली उलटं झालं. बोनेन फ्लँडर्समध्ये सुरुवातीलाच पडला. कान्सेलाराने दोन्ही शर्यती जिंकल्या खऱ्या, पण रुबे सोपी अजिबात नव्हती. आता सगळ्यांचे डोळे एकट्या त्याच्यावर! प्रत्येक जण त्याच्याच चाकामागे, मदत कोणाचीच नाही. शेवटी वेलोड्रोममध्ये सेप व्हानमार्केला स्प्रिंटमध्ये हरवून त्याला ती काढावी लागली. म्हणजे प्रतिस्पर्धी नसणं ही प्रत्येक वेळी लॉटरी नसते.

२०२४ साली वाउट व्हान आर्ट फ्लँडर्सच्या चार दिवस आधी पडला आणि माथ्यू व्हान डर पूलने दोन्ही शर्यती एकट्याने पळून जिंकल्या. रुबेमध्ये तर मागच्या ग्रुपमध्ये त्याचाच टीममेट यास्पर फिलिप्सन होता. तो पाठलागात हातभार कशाला लावेल? तीन मिनिटांनी येऊन तो दुसरा आला!

मला सगळ्यात आवडतं ते २०१५. त्या वर्षी कान्सेलारा आणि बोनेन दोघेही जखमी. राजाच नाही म्हटल्यावर प्रत्येकालाच चान्स दिसू लागला. फ्लँडर्समध्ये अलेक्झांडर क्रिस्टोफ खरं तर स्प्रिंटर, पण शेवटपर्यंत थांबण्याऐवजी निकी टेर्प्स्ट्राबरोबर आधीच निसटला आणि जिंकला. रुबेमध्ये सात जण एकत्र वेलोड्रोममध्ये शिरले आणि जॉन डेगेनकोल्ब पहिला आला. लोक म्हणाले, मोठे नव्हते म्हणून. पण शेवटच्या टप्प्यात दोघे पुढे पळाले होते, तेव्हा बाकीचे नेहमीसारखे एकमेकांकडे बघत होते. स्प्रिंटची वाट बघत बसणं ज्याला सगळ्यात परवडलं असतं, तो डेगेनकोल्बच स्वतः वारा अंगावर घेत त्यांच्या मागे गेला.