कॉफीच्या बियांना फ्रिज मानवत नाही

चिकमगळूर किंवा कोडगूची ताजी भाजलेली कॉफी आता पुण्या-मुंबईत घरपोच मिळते. पाकीट फोडल्यावर पहिले काही दिवस घरभर दरवळ असतो. महिनाभरात मात्र तीच कॉफी बेचव लागू लागते. जपून ठेवायची म्हणून अनेक घरांत ती थेट फ्रिजमध्ये जाते आणि तिथेच तिचे नुकसान होते.

कॉफीच्या कच्च्या बीत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. भाजल्यावर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. बी सच्छिद्र होते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. पुढचे काही दिवस हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. पाकिटावरची बारीक झडप त्यासाठीच असते. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पाकीट फोडले की मात्र बियांना ऑक्सिजन लागतो. अरेबिका जातीच्या बीत सुमारे १५ टक्के तेल असते. जुने शेंगदाणे खवट होतात, तसेच हे तेलही खवट होते. उष्णता आणि प्रकाश यांमुळे ही क्रिया आणखी वेगाने होते.

थंडीत हा वेग मंदावतो, हे खरे. पण फ्रिजमधला डबा रोज बाहेर काढून उघडला, की दमट हवेतली वाफ थंड बियांवर पाणी होऊन बसते. पावसाळ्यात चिवडा सादळावा तशा त्या सादळतात. शिवाय शेजारच्या लसणीचा, चटणीचा वासही ओढून घेतात.

त्यापेक्षा पाकिटावरची भाजल्याची तारीख पाहून दोन-तीन आठवडे पुरतील इतक्याच बिया आणाव्यात. त्या हवाबंद, अपारदर्शक डब्यात भरून शेगडीपासून दूर, कोरड्या फडताळात ठेवाव्यात. डबा बियांच्या मापाचाच असावा. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. दळण आयत्या वेळी करावे, कारण पूड केली की वास फार लवकर उडतो. चिकोरी मिसळलेली पूड ओलावा अधिक शोषते, तिच्यात लगेच गाठी होतात.

बिया जास्त असतील तर आठवड्याच्या हिशेबाने छोट्या हवाबंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच फोडू नये. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी आणि पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नये.

शिळ्या कॉफीची चव जाते, पण तिने सहसा अपाय होत नाही. बुरशीची गोष्ट वेगळी. काही बुरशा ऑक्रॅटॉक्सिन-ए हे मूत्रपिंडांना घातक ठरू शकणारे विष तयार करतात आणि ते उकळत्या पाण्यानेही नष्ट होत नाही. बियांना कुबट वास आला किंवा पांढरट-हिरवट जाळी दिसली, तर ऊन दाखवून किंवा निवडून त्या वापरू नयेत. सगळ्या टाकून द्याव्यात.