तक्र आणि त्याचे पर्याय : पाकातील व पथ्यातील भेद

अर्श, ग्रहणी व अग्निमांद्य या विकारांत आपण रुग्णास ‘ताक घ्या’ असे सहज सांगतो. तथापि घरी दही विरजून घुसळण्याचा परिपाठ मागे पडल्याने रुग्ण ताक म्हणून नेमके काय घेतो, याची चौकशी अगत्याची झाली आहे. पाण्यात कालवलेले दही, पिशवीतील मसाला छास, क्वचित लिंबू पिळलेले दूध, ही सर्व द्रव्ये ताकाची जागा घेतात.

भावप्रकाशात घोल, मथित, तक्र, उदश्वित् व छच्छिका हे पाच भेद मुख्यतः साय व पाणी यांच्या प्रमाणावरून केले आहेत. तेथे चतुर्थांश पाणी घातलेले ते तक्र व निम्मे पाणी घातलेले ते उदश्वित्. चरकांनीही अर्शचिकित्सेत स्नेह पूर्ण काढलेले, अर्धा काढलेले व न काढलेले असे तक्राचे तीन प्रकार दोष व अग्निबल पाहून योजिले आहेत. म्हणजेच विरजण, मंथन व स्नेहाचे प्रमाण यांवर तक्राचे गुण अवलंबून आहेत.

पाकक्रियेत अपेक्षा निराळी असते. केक किंवा ढोकळ्यात ताकातील आम्लाचा खाण्याच्या सोड्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व पीठ फुगते. तेथे आम्लता हेच प्रयोजन असल्याने एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबूरस वा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवले तरी कार्य साधते. कढी किंवा ताकातल्या उकडीस पातळ केलेले दही पुरते. कढीला बेसन लावून मंद आचेवर ढवळत राहिल्यास ती फुटत नाही. मात्र उकळीने विरजणातील जीवाणू नष्ट होतात. म्हणून कढी ही ताज्या तक्राचा पर्याय नव्हे. तिचा विचार तक्रसिद्ध खडाप्रमाणे स्वतंत्र कल्पना म्हणून करावा.

पथ्यात मात्र हे पर्याय चालत नाहीत. लिंबू घातलेल्या दुधात विरजण नाही, मंथन नाही, दुग्धशर्कराही कमी झालेली नाही. शिवाय दूध व आम्ल यांचा संयोग विरुद्धाहारात मोडतो. सोलकढी रुचकर खरी, परंतु नारळाचा रस गुरु व स्निग्ध असल्याने ती तक्राची जागा घेऊ शकत नाही.

औषधविक्रेत्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. लवणभास्कर चूर्ण ताकाबरोबर दिले जाते. त्यात चार लवणे आहेत. रुग्णाने ते खारट तयार छासात घेतल्यास मिठाचे प्रमाण दुणावते. रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असलेल्यास हे अपायकारक ठरते. म्हणून चूर्ण देतानाच ‘बिनमिठाच्या ताज्या ताकातून’ असे लिहून द्यावे.

रुग्णास कृतीही सांगावी : एक वाटी ताजे, फार आंबट न झालेले दही, पाव वाटी पाणी, रवीने मंथन आणि वैद्याच्या सूचनेनुसार लोणी काढणे. क्षत, दौर्बल्य, मूर्च्छा, भ्रम, दाह, रक्तपित्त व उष्णकाळ यांत सुश्रुतांनी तक्र निषिद्ध मानले आहे, हेही विसरू नये. ‘ताक घ्या’ या दोन शब्दांऐवजी कोणते, कसे व किती हे सांगितले, तरच पथ्याचा गुण येईल.