इंजिनाच्या जुन्या टाकीतील गंज

धान्याच्या व्यापाऱ्याने लोखंडाच्या गंजाविषयी लिहावे, याचे काही सभासद बंधूंस नवल वाटेल. आमच्या धंद्यात ‘तांबेरा’ म्हटले की गव्हावरील रोगच डोळ्यांपुढे येतो. परंतु धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांत आपल्यापैकी पुष्कळांची शेती आहे, आणि ज्यांची नाही त्यांचा माल शेतकऱ्याच्याच खळ्यातून येतो. गव्हास पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी पहिले पाणी मिळालेच पाहिजे. नेमकी त्याच आठवड्यात वीज जाते, कोपऱ्यात पडलेले डिझेल इंजिन बाहेर काढले जाते, आणि दहा मिनिटे चालून ते बंद पडते. पुष्कळदा हा दोष इंजिनाचा नसून टाकीचा असतो.

डिझेल स्वतः लोखंडास गंजवीत नाही. गंजास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. फाल्गुनात अर्धी रिकामी ठेवलेली टाकी झाकणाच्या छिद्रातून जणू श्वासोच्छ्वास करीत असते. दिवसा आतील हवा तापून बाहेर जाते, रात्री निवल्यावर बाहेरची दमट हवा आत येते, आणि थंड पत्र्यावर तिचे दव जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने थेंब थेंब तळाशी साचते. माळव्याचा पावसाळा सरेपर्यंत टाकीच्या माथ्यावर खपल्या धरतात आणि तळाच्या कोपऱ्यांत पत्रा झिजतो. पुढे इंजिन चालू केले की त्या खपल्या गाळणीत अडकतात. गाळणीतूनही जो बारीक कण निसटतो, तो पंपाची व नोझलची नासाडी करतो. त्या दुरुस्तीपुढे टाकीची किंमत काहीच नव्हे.

लोखंड म्हटले की ते गंजून संपणारच, असे मात्र समजू नये. धारच्या लाट मशिदीपाशी अकराव्या शतकातील, परंपरेने राजा भोजाचा मानला जाणारा लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे. त्याची एकूण लांबी १३ मीटरांहून अधिक आहे. दिल्लीचा प्रसिद्ध स्तंभ याच्या जवळजवळ निम्माच भरेल. ही मशीद दिलावर खानाने १४०५ साली बांधविली आणि तिला नाव मिळाले ते या लाटेवरूनच. शतकानुशतके ऊनपाऊस सोसूनही वरच्या काळसर थराखालचे लोखंड शाबूत आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या व धारच्या स्तंभांचा अभ्यास केला होता. जुन्या भट्टीतील लोखंडात स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, प्रमाण अधिक असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा बनतो, असा या प्रकरणाचा उलगडा आहे. आजच्या टाकीच्या पत्र्यात स्फुरद नावापुरतेच असते. तेव्हा तिचे रक्षण आपणांसच केले पाहिजे.

गंज काढण्यापूर्वी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. कारण तिच्यात इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण असते. भोक बुजविण्यासाठी तशी टाकी वेल्डिंगवाल्यापुढे ठेवली की स्फोट होऊन माणसे दगावतात. डिझेल सहज पेटत नाही हा भरवसा येथे व्यर्थ आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तळाशी चिकटलेल्या तेलाची वाफ होतेच. म्हणून टाकी उघड्यावर, विडी-दिव्यापासून दूर रिकामी करावी. काढलेले तेल गटारात सोडू नये.

नंतर तोटी व गाळणी काढून, तोंडे रबरी बुचांनी बंद करून, गरम पाणी व कपडे धुण्याची पूड घालून तीन-चार वेळा टाकी धुवावी. तेलाचा चिकटा राहिला तर पुढील औषध गंजापर्यंत पोहोचतच नाही. जाड खपल्या असतील तर बारीक साखळी आत सोडून टाकी हलवावी. मूठभर नट टाकणारेही आहेत. परंतु ते मोजून टाकावे व मोजून काढावे, साखळी मात्र ओढली की बाहेर येते.

मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराण्यात मिळणारे लिंबूसत्त्व, एक लिटर कोमट पाण्यास सुमारे १०० ग्रॅम या मानाने विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरावी. झाकण घट्ट लावू नये, कारण थोडा वायू सुटतो. दर काही तासांनी पाहावे. रात्रभरात बहुतेक गंज सुटतो. काही कारागीर मिठाचे तेजाब वापरतात. ते गंज झपाट्याने खाते खरे, पण लागलीच पत्राही खाऊ लागते, आणि त्याचा अंश राहिला तर गंज दुप्पट वेगाने परततो. आम्हांस ते पसंत नाही. आतून जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत तर कोणतेच आम्ल घालू नये, जस्त विरघळून जाईल.

आम्ल ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने टाकी धुवावी. येथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. उघडा पडलेला ओला पत्रा घटकाभरात पुन्हा तांबूस होतो. म्हणून ब्लोअरने लगेच कोरडी हवा मारावी आणि टाकी हाताला गरम लागेपर्यंत उन्हात ठेवावी. वैशाखाचे ऊन या कामास उत्तम. पूर्ण सुकताच आत पावशेर इंजिन ऑइल सर्व बाजूंनी फिरवावे. बाजारात आतून लावावयाचे लेपही मिळतात, पण ओलसर पत्र्यावर दिलेला लेप पुढे सोलून निघतो व त्याचे तुकडे गंजापेक्षाही वाईट. अंगठ्याने दाबताच तळ लवत असेल तर हा सारा खटाटोप सोडून नवी टाकी घ्यावी.

घरातील जुन्या स्कूटरच्या टाकीसही हीच रीत चालते. तिच्या पेट्रोलात आता इथेनॉल असते, ते पाणी शोषून घेते. सबब महिनोन्‌महिने पेट्रोल भरून ती उभी करू नये. (हे इथेनॉल आता मक्यापासूनही होते, म्हणजे आपल्याच बाजाराचा माल!) डिझेल इंजिनाची टाकी मात्र पावसाळ्यापूर्वी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेस आत जागा उरत नाही. चोरीचे भय असल्यास ती पूर्ण रिकामी करून आत तेल फिरवावे. कार्तिकात इंजिन सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तळाच्या तोटीतून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढून तासभर स्थिर ठेवावे. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, तर तो दिसेनासा होईपर्यंत तळाचे डिझेल काढीत जावे.